विचारपूस

मराठी भाषेत 'विचार' आणि 'विचारणे' हे दोन शब्द एकाच घरचे आहेत. मनातल्या मनात चालतो तो विचार. तोच उंबरा ओलांडून दुसऱ्याच्या दारी गेला म्हणजे विचारणे. 'हल्ली मला घरात कोणी विचारीत नाही,' असे एखादी वृद्ध आत्या म्हणते, तेव्हा आपणास कोणी माहिती मागत नाही असे तिला म्हणावयाचे नसते. आपणास कोणी मोजीत नाही, हे तिचे दुःख असते. विचारणे म्हणजे मान देणे, हा अर्थ आमच्या भाषेने इतका मुरवून घेतला आहे. असे असता कचेरीत पाऊल टाकताच या शब्दाचा स्वभाव पालटतो, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. तेथे तो बहुधा 'जाब' या शब्दाचा हात धरूनच हिंडतो. 'साहेबांनी विचारले आहे,' एवढे शिपायाने येऊन सांगितले की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. विचारपूस घराकडे राहिली आणि जाब कचेरीत आला, अशी ही वाटणी कोणी व केव्हा केली, कोण जाणे!

ही वाटणी आमच्या हातूनही पुष्कळ वर्षे कसोशीने पाळली गेली, आणि तिची किंमत दुसऱ्याच कोणास तरी भरावी लागली. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आम्ही १९७४ साली कोकणातील एका तालुक्याच्या गावी बँकेत कारकून म्हणून चिकटलो. त्या काळी संगणक नव्हते. जाडजूड खतावण्या, शाईचे डाग आणि बेरजा यांचे ते राज्य होते. बँकांचे वर्ष तेव्हा डिसेंबरअखेर संपे, आणि त्या दिवसांत खतावण्यांचा मेळ बसविता बसविता रात्रीचे अकरा वाजत. आमच्या शाखेतील हिशेबनीस वयस्कर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मेळ चुकला म्हणजे आम्ही रडवेल्या चेहऱ्याने त्यांच्या टेबलाशी जावे, आणि त्यांनी चष्म्यावरून पाहून एवढेच विचारावे, "फरक केवढा?"

"नऊशे रुपये, अण्णा."

"नऊने भाग जातो?"

जातो, असे आम्ही म्हणावे. "मग काय झाले असेल?" असे म्हणून ते आपल्या कामाला लागत. पहिल्या खेपेस आम्ही अर्धा तास नुसते उभे होतो. मग हळूहळू उजाडले, की ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले गेले तर फरक ९०० येतो. शेजारचे दोन आकडे एकमेकांच्या जागी बसले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. पुढे एकदा फरक पाचशेचा आला. "नऊने भाग जात नाही," असे आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले. अण्णा म्हणाले, "दोनाने?" आणि पुन्हा गप्प. दोनशे पन्नास रुपयांची एक रक्कम जमेऐवजी नावे पडली होती. ज्या बाजूस ती हवी तेथे ती नाही आणि जेथे नको तेथे आहे, म्हणून फरक दुप्पट. अण्णांना हे दोन्ही नियम एका वाक्यात सांगता आले असते. ते सांगते तर आम्ही ते आठ दिवसांत विसरलो असतो. आज पन्नासांहून अधिक वर्षे लोटली. किराण्याच्या यादीची बेरीज चुकली तरी आमचा हात आधी नऊचा भागाकार करतो.

आता असा गुरू लाभलेल्या माणसाने स्वतः अधिकारी झाल्यावर कसे वागावे? आम्ही नेमके उलट वागलो. १९९६ साली नाशिक जिल्ह्यातील एका मोठ्या बाजारगावी आम्ही शाखाधिकारी म्हणून गेलो आणि वर्षभरात शाखेतील एकूण एक उत्तरांचे कोठार बनलो. सकाळी दहा वाजल्यापासून दाराशी रीघ लागे. हा धनादेश वटवावा का? या खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांपैकी कोणाची सही घ्यावी? आम्ही मान वर न करता उत्तर फेकीत असू, आणि ते अचूक असल्याचा आनंद दिवसभर पुरे. पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही आठ दिवस रुग्णालयात होतो, तेव्हाही दूरध्वनीची घंटा थांबली नाही. "पाहिलेस?" आम्ही आमच्या सौभाग्यवतींना म्हणालो, "आमच्यावाचून बँक चालत नाही." त्या मोसंबे सोलीत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणून बँक चालत नाही, की तुम्ही असता म्हणून त्यांची डोकी चालत नाहीत?" आजारी माणसाशी असे बोलू नये, एवढे उत्तर देऊन आम्ही कूस बदलली.

उत्तरे देणाऱ्या अधिकाऱ्याची एक गंमत असते. त्याचे स्वतःचे प्रश्न फार थोडे उरतात आणि जे उरतात ते प्रश्न नसतातच. 'असे कसे झाले?', 'हे तुम्हाला आधी कळले नाही का?', 'कोणी सांगितले होते असे करायला?' यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह असते खरे, पण त्यांपैकी एकालाही उत्तराची अपेक्षा नसते. उत्तर द्यावयास जावे तर तो उद्धटपणा ठरतो, न द्यावे तर गुन्हा कबूल.

१९९९ सालचा एक सोमवार. सोमवार हा त्या गावचा बाजारचा दिवस. बँकेत पाय ठेवण्यास जागा नसे. रोख खिडकीवर एक तरुण मुलगी होती. वर्षापूर्वीच नोकरीस लागलेली, वडील नसलेली, धाकट्या भावाचे शिक्षण अंगावर असलेली. चारच्या सुमारास ती आमच्या खोलीच्या दाराशी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब, पाचशे रुपये कमी येताहेत." आमच्या समोर दोन व्यापारी बसले होते. खोलीचे दार सताड उघडे होते आणि बाहेर वीसएक माणसे होती. आम्ही विचारले, "असे कसे झाले? मोजता येत नाही का?" आमचा आवाज, सौभाग्यवतींच्या म्हणण्याप्रमाणे, मुळातच मोठा आहे. ती काही बोलली नाही. पाचशे रुपये तिने आपल्या खात्यातून काढून भरले. रोखपालाने आपली तूट आपण भरावी, ही रीतच आहे, आणि ती पार पडली म्हणून आम्ही तो विषय विसरलो. त्यानंतर तिच्या खिडकीवर एकदाही तूट आली नाही. पाहा, एका शब्दाने माणूस कसा सुधारतो, असे आम्ही त्या दोन व्यापाऱ्यांपैकी एकास पुढे सांगितल्याचेही आठवते.

तीन महिन्यांनी तपासणीसाठी एक निरीक्षक आले. कर्मचाऱ्यांची खाती पाहण्याचा निरीक्षकांचा शिरस्ता असतो. त्यांना त्या मुलीच्या खात्यात तीन वेळा पाचशे रुपये काढलेले दिसले, तिन्ही वेळा सोमवारी, तिन्ही वेळा दिवसाच्या अगदी अखेरीस. हे गृहस्थ तिला खोलीत बोलावतील अशी आमची अटकळ होती. त्यांनी तसे केले नाही. गर्दी ओसरल्यावर ते स्वतःच तिच्या पिंजऱ्याशी स्टूल ओढून बसले, दोन चहा मागविले आणि म्हणाले, "बाई, त्या तीन दिवशी सकाळपासून काय काय झाले, ते आठवेल तसे सांगा. घाई नाही."

ती म्हणाली की बाजारची गर्दी होती. ते म्हणाले, "गर्दी तर दर सोमवारी असते. मग बाकीच्या सोमवारी पैसे बरोबर कसे आले?" यावर ती बराच वेळ गप्प राहिली. तेही गप्प राहिले. आम्ही पलीकडे उभे होतो. मध्येच काही तरी बोलण्याची आम्हांस अनावर इच्छा झाली होती, हे कबूल केले पाहिजे. मग तिने खणातून एक छोटी वही काढली. पाने उलटली. आणि म्हणाली, "या तीन दिवशी मुख्य शाखेतून आलेले पाचशेच्या नोटांचे बंडल मी फोडले होते. इतर दिवशी आमच्याच नोटा पुरल्या होत्या."

शंभर नोटांची एक गड्डी, दहा गड्ड्यांचे एक बंडल. त्या काळी गड्ड्यांना जाड पिना मारीत, आणि वेष्टनावरील शिक्क्यावर व सहीवर भरवसा ठेवून गर्दीत गड्डी न मोजताच उघडली जाई. आमच्या उमेदवारीपासून हे चालत आले होते. (पुढे २००१ साली रिझर्व्ह बँकेने पिना मारण्यास मनाईच केली.) त्याच बंडलातील उरलेल्या गड्ड्या त्या संध्याकाळी सर्वांसमक्ष पिना उपटून मोजल्या, तेव्हा आणखी दोन गड्ड्यांत एकेक नोट कमी निघाली. त्या दोन नोटांची भरपाई झाली. मुलीने भरलेल्या दीड हजाराला मात्र पुरावा नव्हता, म्हणून ते गेले ते गेलेच. आम्ही ते आपल्या खिशातून देऊ केले, तेव्हा ती म्हणाली, "नको साहेब, हिशेब जमला ना!" त्यापुढील वर्षी तिने बदली मागून घेतली.

तूट तीन वेळा आली होती आणि तीन वेळा ती आमच्यापासून दडविली गेली होती, आणि या दडविण्यालाच आम्ही सुधारणा समजत होतो. अमेरिकेतील एमी एडमन्सन या विदुषींनी १९९६ साली रुग्णालयांतील औषधांच्या चुकांविषयी जे प्रसिद्ध केले, ते आम्ही पुष्कळ उशिरा वाचले. जेथे परिचारिकांचे संघ चांगले, तेथे चुका कमी, असे त्यांना आढळेल अशी अपेक्षा होती; आढळले ते उलट, चांगल्या संघांत नोंदलेल्या चुका अधिक. त्यांनी खोलात जाऊन पाहिले तेव्हा त्यांच्या ध्यानी आले, की त्या संघांत चुका उघडपणे बोलून दाखविता येत होत्या, आणि अन्यत्र त्या पोटात ठेवल्या जात होत्या. हे वाचले त्या रात्री आम्हांस आमच्या शाखेतील ते तीन निष्कलंक महिने आठवले.

असो. त्या निरीक्षकांनी जे केले, ते आम्ही तेव्हापासून चोरून शिकू लागलो. आधी पुस्तके धुंडाळली. या विषयावर इंग्रजीत मोठे वाङ्मय आहे. टिमोथी गॉलवे याने टेनिस शिकविता शिकविता असे पाहिले, की खेळाडूस सूचनांवर सूचना देण्यापेक्षा चेंडूकडे त्याचे लक्ष लावून दिले तर तो आपोआप सुधारतो. त्याचे पुस्तक १९७४ सालचे, म्हणजे आम्ही अण्णांच्या टेबलाशी उभे होतो त्याच वर्षीचे. तेच सूत्र धरून जॉन व्हिटमोर याने १९९२ साली कचेऱ्यांसाठी ग्रंथ लिहिला. टोयोटा कारखान्यातील तैइची ओनो यांची रीत तर प्रसिद्धच आहे. यंत्र थांबले की पाच वेळा 'का' विचारावयाचे, म्हणजे उडालेल्या फ्यूजपासून निघून मागे मागे जात पंपाला गाळणी नव्हती येथवर माणूस पोचतो. ही रीत यंत्राच्या बाबतीत उत्तम आहे. परंतु माणसास लागोपाठ पाच वेळा 'का' विचारून पाहावे. तिसऱ्या 'का'ला तो वकील शोधू लागतो. आमच्या अनुभवाने सांगावयाचे, तर 'तुम्ही असे का केले?' याऐवजी 'काय काय झाले?' एवढा पालट केला, तरी समोरच्या माणसाचे खांदे खाली येतात.

प्रश्नांचा आद्य आचार्य म्हणून सॉक्रेटीसाचे नाव घेण्याची प्रथा आहे. 'मेनो' या संवादात तो एका अशिक्षित गुलाम मुलाकडून, दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढावा, हे केवळ प्रश्न विचारून काढून घेतो. मुलगा आधी म्हणतो, बाजू दुप्पट करावी. ते चौपट होते. मग म्हणतो, दोनाची बाजू तीन करावी. आठाऐवजी नऊ होतात. मग तो सरळ सांगतो की आपणास ठाऊक नाही. येथवरचा भाग आम्हांस अत्यंत प्रिय आहे. पुढे मात्र कर्ण सॉक्रेटीसच काढून दाखवितो आणि मुलगा 'होय', 'होय' म्हणत जातो. मोठ्यांचा उपमर्द होत असेल तर क्षमा असावी, पण ही दुसऱ्या अर्ध्यातील तऱ्हा कचेरीत फार बोकाळलेली आहे. 'तुम्हाला असे वाटत नाही का, की हे पत्र आजच जावे?' हा प्रश्न नव्हे. हा प्रश्नाची टोपी घातलेला हुकूम आहे, आणि हाताखालची मंडळी टोपीखालचे डोके तत्काळ ओळखतात. एडगर शाइन याने २०१३ सालच्या आपल्या पुस्तकात नम्र विचारणेचे लक्षणच असे केले आहे, की ज्याचे उत्तर आपणास आधीच ठाऊक नाही ते विचारावे. यापेक्षा प्रश्नोपनिषदातील पिप्पलाद ऋषी आम्हांस अधिक जवळचे वाटतात. सहा जिज्ञासू आले तेव्हा ते म्हणाले, वर्षभर येथे राहा, मग हवे ते विचारा; आम्हांस ठाऊक असेल तर सांगू. 'ठाऊक असेल तर' हे शब्द उच्चारणारा अधिकारी आमच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत आम्हांस क्वचितच भेटला, आणि आरशात तर पुष्कळ काळ भेटलाच नाही.

पुस्तके वाचून आम्ही सुधारलो, असे मात्र कोणी समजू नये. प्रथम आमचे हसेच झाले. एके दिवशी समाशोधनाचे धनादेश घेऊन आमचे अनुभवी मुख्य कारकून आले आणि एका धनादेशावरील सहीबद्दल विचारू लागले. नव्या दीक्षेच्या उत्साहात आम्ही म्हणालो, "तुमचे काय मत?" ते म्हणाले, "साहेब, मत नंतर सांगतो. परत पाठवायची वेळ दहा मिनिटांत संपते. पास करू की परत करू?" आम्ही निमूटपणे सही पाहिली आणि 'परत' म्हणालो. घर पेटले असता पाण्याविषयी चर्चा करू नये, आणि जे नियमाच्या पुस्तकात छापलेले आहे ते वदवून घेण्याचा खेळही करू नये. पान उघडून दाखवावे. नवख्याला जे ठाऊकच नाही ते प्रश्नांनी बाहेर येत नाही, फक्त घाम बाहेर येतो. अण्णा आम्हांस 'नऊने भाग जातो?' विचारीत, कारण भागाकार आम्हांस येत होता.

आणि गप्प बसणे! प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसणे हे शाखाधिकाऱ्यास उपवासाहून कठीण. आम्ही भिंतीवरील घड्याळाचा सेकंदकाटा पाहावयास शिकलो. दहा सेकंदांत आम्ही तीन वेळा तोंड उघडत असू आणि तीन वेळा मिटत असू. समोरच्यास वाटे, साहेबांना दम्याचा विकार जडला आहे.

तरी त्या दहा सेकंदांनी आम्हांस एकदा चांगलेच तारले. शेती कर्जे पाहणारा एक तरुण अधिकारी थकबाकीदारांची यादी घेऊन आला. एका शेतकऱ्याची वसुलीची तारीख उलटून दोन महिने झाले होते. पूर्वीचे आम्ही असतो तर 'नोटीस काढा' म्हणून मोकळे झालो असतो. शब्द जिभेवर आलाच होता. त्याऐवजी विचारले, "तुम्ही त्यांच्या मळ्यात जाऊन आलात का? काय पाहिलेत?" तो म्हणाला, गेलो होतो, चाळ कांद्याने भरलेली आहे. आम्ही कोकणातले, कांदा आम्हांस बाजारात शेराने भेटलेला. "मग ते विकीत का नाहीत?" हे आम्ही खरोखर ठाऊक नव्हते म्हणून विचारले. तो खुर्चीत सावरून बसला आणि आम्हांस वीस मिनिटे शिकवीत राहिला. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, तेव्हा लासलगावच्या बाजारात आवक दाटते आणि भाव पडतो. ज्याची चाळ चांगली तो पावसाळा काढून भाव येईपर्यंत थांबतो. मात्र थांबता थांबता सडही होते. "आणखी काही?" असे आम्ही विचारले. तेव्हा थोडे थांबून तो म्हणाला, "साहेब, आज नोटीस गेली तर तो घाबरून पडत्या भावाने विकील. आपले व्याज येईल, पण पुढच्या हंगामाला तो पुन्हा आपल्याच दारात उभा राहील. मी पंधरा दिवसांनी एकदा चाळ पाहून येत जाईन. सड सुरू झाली तर मीच त्याला विकायला लावीन." तसे लेखी टिपण त्याने आपल्या सहीने ठेवले. सप्टेंबरात रक्कम आली. तो ऐन वेळी फसलाही असता. कांद्याचा भाव काही आमच्या प्रश्नांवर अवलंबून नव्हता. पण त्या वर्षापासून त्याने यादी घेऊन आमच्याकडे येणे बंद केले. तो येई तो पाहून आलेले सांगण्यास येई.

२००९ साली आम्ही निवृत्त झालो. ती रोखपाल मुलगी पुढे परीक्षा देऊन अधिकारी झाल्याचे कानावर होते. गेल्या दिवाळीनंतर ती आमच्या घरी आली. केसांत रुपेरी छटा, आणि आता स्वतः एका शाखेची प्रमुख. सौभाग्यवतींनी तिला चिवडा-लाडू दिले, भावाची चौकशी केली. तो संगणकाच्या कंपनीत लागला आहे. बोलता बोलता ती आपल्या शाखेतील एका नव्या मुलाविषयी सांगू लागली. चुकतो फार, आणि सांगत नाही. आमच्या जिभेवर तीन उत्तरे एकदम आली. ती गिळून आम्ही, इतक्या वर्षांनी, जे खरोखर ठाऊक नव्हते ते विचारले:

"त्या दिवशी तुम्ही दाराशी आलात, तेव्हा आम्ही काय विचारायला हवे होते?"

तिने बशीतील लाडू मोडला, पण खाल्ला नाही. भिंतीवर घड्याळ होते. आम्ही तिकडे पाहिले नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "विचारायचे ते नंतर, साहेब. आधी उठून दार लावायचे होते."

सौभाग्यवती चहा घेऊन आल्या, आणि तिने त्यांच्या गुडघ्याविषयी विचारले.